नवरा नसलेला शब्द

हे गेले तेव्हा आमची मुलगी नागपूरला जर्मन शिकत होती. नर्सिंग तिनं चंद्रपूरला केलं होतं. जर्मनीतल्या वृद्धाश्रमांना नर्स कमी पडतात, भाषेची परीक्षा पास झालं की नोकरी मिळते, असं कुठून तरी तिच्या कानावर आलं आणि तिनं ते मनावर घेतलं. ह्यांना त्याचं फार कौतुक. हे एसटीत कंडक्टर. सगळी नोकरी चंद्रपूरहून गोंडपिपरी, आष्टी, सिरोंचा अशा गाड्यांवर गेली. मुलगी सुट्टीत घरी आली की हे तिला विचारायचे, "जर्मनीले जायाले किती थांबे हाय वो?" ती म्हणायची, "बाबा, एकच. दुबई." तेवढ्यावर ते दिवसभर खूश असायचे.

जेवण झालं की ते ताटावर नखानं दोनदा वाजवत. गाडीत एका बेलला थांबायचं आणि दोन बेलला निघायचं, ती सवय. मी ताट उचलायची. बोलणं फारसं नसायचंच आमच्यात. त्यामुळे ते गेल्यावर घरात शांतता पसरली असं मला म्हणता येत नाही. शांतता आधीही होती, पण तिच्यात कुणीतरी बसलेलं असे.

जानेवारीतली सकाळ होती. चहा घेतला आणि छातीत दुखतंय म्हणाले. शेजाऱ्यानं त्याची गाडी काढली. चंद्रपूरच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा डॉक्टरांनी तपासलं आणि माझ्याकडे न बघता सोबत आलेल्या शेजाऱ्याला बाजूला नेलं. त्यावरून मला कळलं.

तेरावं झाल्यावर मुलगी म्हणाली, आता मी जात नाही. मी तिला जा म्हटलं. मी शाळेत जाईन, तू काय घरात बसून भिंती मोजशील का, असं काहीतरी बोलले. पावसाळा सरता सरता ती गेली. जर्मनीच्या पूर्व भागात एक लहानसं गाव, गावाबाहेर वृद्धाश्रम, मागं पाइनची झाडं. पहिल्या फोनवर तिनं खिडकीतून ती झाडं दाखवली आणि म्हणाली, "आई, जंगल आहे, पण आवाजच नाही त्याला."

मी वरोऱ्याची. लग्न होऊन गोंडपिपरीला आले आणि इथल्याच एका शाळेत मराठी शिकवायला लागले. संस्कृतचे तासही माझ्याकडेच. ह्यांच्यानंतरही मी रोज शाळेत जात होते. शिक्षकांच्या खोलीत लोक माझ्याशी जपून बोलत. संक्रांतीला गल्लीतल्या बायका माझ्या दारावरून पुढे जात, आणि पुढे जाताना उगाच मोठ्यानं विचारत, "जेवन झालं का बाई?" त्यांचंही चुकत नव्हतं. त्यांना दुसरं काय करायचं ते माहीत नव्हतं. मला म्हणायचा तो शब्द मात्र माझ्यासमोर कुणी उच्चारत नसे. ह्यांना गाव भाऊ म्हणे, तेवढंच धरून सगळे म्हणत, "भाऊ गेल्यापासून." भाऊ गेल्यापासून बाई वाळल्या. भाऊ गेल्यापासून बाई बाहेर दिसत नाहीत.

आणि तो शब्द माझ्या मुलीनं उच्चारला, तोही फोनवर, हसत हसत.

ती दुपारच्या सुट्टीत फोन करायची. तेव्हा इथं दिवेलागण झालेली असे. त्या दिवशी ती कामातल्या गमती सांगत होती. सकाळी एका पाळीची नर्स दुसरीला प्रत्येक म्हाताऱ्या माणसाची माहिती देते, त्यात माणूस विवाहित की एकटा तेही सांगतात. ती म्हणाली, "इथल्या बहुतेक साऱ्या आज्या 'विटव' आहेत. ऐकलं का तू? विटव. आपलाच शब्द वाटते की नाई?"

मी फोन या कानाचा त्या कानाला लावला. तिलाही मग कळलं असावं. घाईनं ती म्हणाली, सहज सांगितलं, आवाज सारखा वाटला म्हणून.

मी शिक्षिका आहे. अडचण आली की मी शिकवायला लागते. मी तिला म्हटलं, त्यात नवल काय, तो आपल्याकडूनच गेला असेल. संस्कृत शब्द आहे. 'वि' म्हणजे विना, 'धव' म्हणजे नवरा. जिला धव नाही ती. माझा आवाज अगदी वर्गातल्यासारखा निघाला.

दोन-तीन दिवसांनी तिचा पुन्हा फोन आला. तिच्या मजल्यावर एक म्हातारे गृहस्थ होते. कधीकाळी विद्यापीठात जुन्या भाषा शिकवत. बायको वारलेली, मुलगा दुसऱ्या देशात. दिवसभर खिडकीशी बसत आणि विचारल्याशिवाय कुणाशी बोलत नसत. सकाळी त्यांना न्याहारी भरवताना हिनं गंमत म्हणून सांगितलं, की माझी आई म्हणते तुमचा 'विटव' आमच्याकडून आलाय. ते गृहस्थ चमचा बाजूला सारून बोलायलाच लागले. दुसऱ्या नर्सनं दारातून डोकावून बघितलं, असं मुलगी म्हणाली, कारण त्यांना इतकं बोलताना तिनं कधी पाहिलं नव्हतं.

त्यांचं म्हणणं असं, की शब्द कुणी कुणाला दिलेला नाही. दोघांना तो एकाच जुन्या घरातून मिळालाय. गॉथिक नावाची एक भाषा होती, आता कुणी बोलत नाही. सोळा-सतराशे वर्षांपूर्वीचं तिच्यातलं लिखाण टिकलंय, त्यात तो शब्द आहे: विदुवो. जुन्या इंग्रजीत विदुवे. जुन्या सॅक्सन लोकांत विदोवा. उत्तर समुद्राकाठच्या फ्रिसियन लोकांत विद्वे. आणि जुन्या जर्मनमध्ये, म्हणजे आजच्या जर्मनच्या पणजीत, वितुवा.

मुलगी एकेक शब्द सांगत होती आणि मी तिच्यामागं म्हणत होते. तिनं फोन ठेवला तरी मी म्हणत राहिले. स्वयंपाकघरात भाजी निवडता निवडता विदुवो, विदुवे, विद्वे, वितुवा. मी स्वतःला उद्देशून तो शब्द तोवर एकदाही उच्चारला नव्हता. परक्या भाषांतून आला म्हणून तो तोंडात धरता आला.

माझे 'वि' आणि 'धव' मी मुलीकरवी कळवले होते; त्यावर त्यांचं उत्तर यायला आठवडा लागला, कारण मधे मुलीची रात्रपाळी होती. ते उत्तर मला आवडलं नाही. ते म्हणाले, पुष्कळ अभ्यासकांना गोष्ट उलटी वाटते. शब्द मुळात अखंड होता, संस्कृतच्याही आधीचा. त्याचा अर्थ एवढाच, की वेगळी झालेली, रिकामी राहिलेली. पुढे लोकांना त्यात 'वि' ऐकू आला. त्यांनी तो तोडून बाजूला काढला आणि मागे जे उरलं ते 'धव', त्याचा अर्थ नवरा असला पाहिजे असं ठरवून टाकलं.

"म्हणजे काय?" मी मुलीला विचारलं.

"म्हणजे आई, विधवा आधी. धव मागून."

मला राग आला. इतकी वर्षं मी समास शिकवत आले. दुसऱ्या दिवशी शाळेच्या ग्रंथालयातला जाड संस्कृत कोश काढला. धव होता. पण त्याच्यापुढे दिलेले दाखले मागाहूनचे होते, आणि विधवेचे त्याच्या कितीतरी आधीचे. मी कोश मिटला. तास होता, पण खडू घेऊन तशीच उभी राहिले. मग जाऊन व्याकरण शिकवलं.

घरी आल्यावर मला कळलं की राग निराळ्याच गोष्टीचा होता. कुणी म्हणेल, बाईला बरं वाटायला पाहिजे होतं. नवऱ्याची वजाबाकी करून उरलेली बाई असा अर्थ निघून गेला, झालं. मला तसं वाटलं नाही. माझ्या जुन्या अर्थात हे होते. 'नाही' म्हणून का होईना, शब्दाच्या मधोमध बसलेले होते. म्हाताऱ्यानं दाखवलेल्या शब्दात ते कुठंच नव्हते. त्यात नुसती एक रिकामी जागा होती, आणि तिथं आधी कोण होतं हे शब्दाला माहीतच नव्हतं.

हे मी मुलीला असंच्या असं सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, "त्यांना सांग, तुमचा शब्द आमच्यापेक्षा जास्त एकटा आहे."

तिनं ते सांगितलं. त्यांनी खुर्ची खिडकीपासून तिच्याकडे वळवून घेतली, असं तिनं मला कळवलं. मग म्हणाले, उत्तरेकडे याहून एकटा शब्द आहे. नॉर्वे-आइसलँडकडच्या जुन्या लोकांच्या लिखाणात विदुवो सापडत नाही. ते अशा बाईला 'एक्क्या' म्हणत. तो त्यांच्या 'एक' या आकड्यापासून निघालेला. जी एक उरली ती.

"एक्क्या," मुलगी म्हणाली. "आई, एकटीसारखंच झालं ना?"

ते म्हणाले होते, की तुमचा एक आणि आमचा आइन यांची सुरुवात एकाच मुळाची, फक्त शेपूट निरनिराळं. पण नुसत्या आवाजावर विसंबू नये, असंही त्यांनी बजावलं होतं. आवाज सारखा म्हणून नातं असतंच असं नाही. शिक्षक होते ते. ते वाक्य ऐकून मला ते पहिल्यांदा ओळखीचे वाटले.

यानंतर प्रश्न तिकडूनही येऊ लागले. बायको गेलेल्या पुरुषाला तुमच्याकडे काय म्हणतात, असं त्यांनी विचारलं. जर्मनमध्ये म्हणे विटवलाच शेपूट लावून पुरुषाचा शब्द केलाय. मी कळवलं: विधुर. त्याचाही अर्थ अंतरलेला, एकटा पडलेला असाच, आणि काहींच्या मते मूळही तेच असावं. ते त्यांना ठाऊक असणारच, पण तसं त्यांनी दाखवलं नाही. मुलगी सांगत होती, दाढी करून देताना ते आरशात बघून 'विदुर, विदुर' म्हणत होते. ध काही त्यांना जमत नव्हता.

मार्च संपताना एका रविवारी तिनं व्हिडिओ लावला आणि म्हणाली, त्यांना तुझ्याशी बोलायचंय. मी साडी ठीक केली. पडद्यावर एक अगदी बारीक माणूस, चाकाच्या खुर्चीत, सदऱ्याचं वरचं बटण लावलेलं. इंग्रजी त्यांना चांगलं येत होतं, मला शाळेपुरतं. त्यांनी विचारलं, संध्याकाळी तुम्ही काय करता. मी म्हटलं, पेपर तपासते. पेपर नसतील तेव्हा, असं त्यांनी विचारलं.

तेवढ्यात तिकडे कुणाच्या तरी खोलीची घंटा वाजली आणि मुलगी फोन टेबलावर उभा ठेवून धावत गेली. आम्ही दोघंच राहिलो. मी फोन फिरवून त्यांना अंगण दाखवलं. कुंपणापलीकडे शेजारणीनं चटईवर मोहाची फुलं वाळत घातली होती, त्यांचा गोड उग्र वास अंगणभर भरला होता. त्यांनी नाव विचारलं. मी म्हटलं, मोह. त्यांनी ते दोनदा म्हटलं, नीट म्हटलं. मग ते तिकडे बसून राहिले, मी इकडे ओट्यावर.

शेजारीण मोह चाळवायला आली. ती एटापल्लीकडच्या जंगलातल्या गावची. तिचा पहिला नवरा तरणाच वारला, मग दुसरं घर केलं, ते धरून ती इथं आलेली. तिनं कुंपणावरून फोनमध्ये डोकावून पाहिलं.

"कोन व्हय बाई हा?"

मी म्हटलं, पोरीच्या दवाखान्यातले आहेत. बायको वारली. शब्द विचारत असतात.

"त्याच्या घरी कोनी नाई का?"

"नाही."

"मंग बोला ना. मुके काऊन बसले दोघं?"

मी तिला म्हटलं, भाषा नाही आमची एक. ती हसली आणि चटईकडे वळली. मी तिला एकदा विचारलं होतं, पहिला नवरा गेल्यावर तुला तिकडे काय म्हणत होते. ती आठवत राहिली आणि म्हणाली, नावानंच हाका मारत, दुसरं काही कुणी म्हटल्याचं ध्यानात नाही. तिला मी म्हाताऱ्याच्या भाषांबद्दल सांगायचा प्रयत्न केला होता. तिला त्यात रस वाटला नाही. तिला मोह पावसाआधी वाळवायचा होता.

पावसाळा गेला, धान निघालं. अधूनमधून तिकडून एखादा शब्द येई, इकडून एखादा जाई. थंडीत त्यांचा कफ वाढला. मुलगी फोनवर म्हणाली, मोठ्या दवाखान्यात हलवलंय, येतील परत. मग तीन-चार दिवस तिचा फोन नाही. आला तेव्हा संध्याकाळ होती आणि कॅमेरा बंद होता.

ते परत आले नाहीत. त्यांचा मुलगा एका दिवसासाठी आला, पुस्तकं खोक्यांत भरून कुणाला तरी देऊन टाकली. खोलीत दुसऱ्याच दिवशी एक आजी आल्या. हे सगळं ती नर्ससारखं, एकामागून एक सांगत गेली. मी हूं हूं करत होते.

मग ती म्हणाली, "आता मी तुला काय विचारू, आई?"

मला आधी प्रश्नच कळला नाही. ती रडायला लागली, तेव्हा कळला. वर्षभर ती फोन करायची ते त्यांचा निरोप घेऊन, आणि मी उचलायची ते त्यांचं उत्तर ऐकायला. तिला तिथं कसं वाटतं हे मी विचारलं नव्हतं, कारण ती वाईट म्हणाली असती तर मी काय केलं असतं? तिनंही मला विचारलं नव्हतं. दोघींनी एका म्हाताऱ्या माणसाला मधे बसवलं होतं, आणि तो बिचारा आमच्यासाठी मेलेल्या भाषा बोलत होता.

"मी त्यांना माझ्यासाठी पण एक शब्द विचारला होता," ती म्हणाली. "तुले सांगितला नाई."

बाप नसलेल्या लेकराला काय म्हणतात, असं तिनं त्यांना विचारलं होतं. आजच्या जर्मनमध्ये वाइजं. जुन्या जर्मनमध्ये वाइसो. ते म्हणाले होते, हा आणि वितुवा एकाच मुळातून फुटले असावेत, वेगळं होणे या अर्थाच्या. पण खात्रीनं सांगता येत नाही, विद्वानांत मतभेद आहेत.

"नसले एका मुळाचे तरी चालतंय," मी म्हटलं.

ती जराशी हसली, नाक ओढलं. मग तिनं विचारलं, "बाबा त्या दिवशी दवाखान्यात नेताना गाडीत काही बोलले का गं? तू कधी सांगितलंच नाईस."

मी खरंच कुणाला सांगितलं नव्हतं. मी तिला सांगितलं. मागच्या सीटवर त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. डोळे मिटलेले. धुकं होतं, गाडी जोरात चाललेली, आणि त्यांनी मला विचारलं, "कोनतं गाव आलं?" मी बाहेर बघून म्हटलं, कोठारी. ते म्हणाले, "कोठारीले उतरनारे हाय का कोनी?" मी म्हटलं, कुणी नाही. ते म्हणाले, "मंग जाऊ दे." त्यानंतर ते बोलले नाहीत.

मग ती म्हणाली, "ड्यूटीवरच होते की." मी म्हटलं, हो. आम्ही दोघी रडलो, मोकळ्या. ह्यांच्यासाठी दोघींनी मिळून रडायचं राहून गेलं होतं, ते त्या दिवशी झालं. तिची पाळी सुरू व्हायची वेळ झाली तेव्हा तिनं कॅमेरा लावला. डोळे सुजले होते आणि गालाची हाडं वर आली होती. तू नीट जेवत नाहीस का, असं मी विचारलं. ती म्हणाली, एकटीसाठी भात टाकायचा कंटाळा येतो. मी म्हटलं, मलाही.

आता ती आठवड्यातून दोनदा फोन करते. शब्द नसतात. कधी तिला आंबाडीची भाजी हवी असते आणि तिकडे मिळणाऱ्या कोणत्या पाल्यानं तसा आंबटपणा येईल यावर आम्ही बोलतो. ती परत येईल असं वाटत नाही. मी तिकडे जावं असं ती म्हणते. शेजारीण वडशाच्या झाडीपट्टी नाटकाला चला म्हणते. मी दोघींनाही बघू म्हणते.

आम्ही दोघी फोनवर रडलो त्याच आठवड्यात शाळेत दहावीची उजळणी होती. समास आले, त्यात तो शब्दही आला. फळ्यावर मी वि आणि धव असं लिहिलं, कारण परीक्षेत तेच लिहायचं असतं. मग खाली लिहिलं: विदुवो, विदुवे, वितुवा. मुलांना सांगितलं, की दुसरं एक मत असं आहे, की हा शब्द तुटत नाही. त्यांनी ते उतरवून घेतलं. तास संपल्यावर मी फळा पुसला आणि बाजारातून पालक घेऊन घरी आले. कुलपाला थंडीतल्या धुक्यानं गंज धरला होता. किल्ली दोनदा फिरवावी लागली, दोन बेल दिल्यासारखी.